शमूभाऊंचं नाव मी घेतलं नाही

मागच्या महिन्यात तपासणीला गेलो होतो. ओपीडीबाहेरच्या बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं आतड्याचं ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं आणि पोटाला पिशवी लागणार, हे त्यांना नुकतंच कळलं होतं. ओळखीच्या सिस्टर जाता जाता त्यांना म्हणाल्या, "या सरांना विचारा. यांनी सगळं सोसलंय."

बाईंनी विचारलं, "घरी गेल्यावर कसं जमवलंत हो तुम्ही?"

मी म्हणालो, "होते सवय. घाबरू नका."

हे उत्तर खोटं होतं. मी काहीच जमवलं नव्हतं. ते दुसऱ्या एका माणसाने जमवलं होतं, आणि त्याचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मी ते पुन्हा गिळलं. म्हणून हे लिहितोय. ज्यांना या दुखण्यात धीर हवा आहे, त्यांना यात थोडाफार मिळेल. मी मात्र यात चांगला दिसणार नाही.

भूक

एकतीस वर्षं मी लोणावळ्यातल्या एका शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी शौचाला रक्त पडू लागलं. मूळव्याध असेल म्हणून मी चार महिने चूर्ण घेतलं, तिखट सोडलं आणि शीलाला, माझ्या बायकोला, काही कळू दिलं नाही. शर्ट खांद्यावरून उतरायला लागले तेव्हा तिनेच मला डॉक्टरकडे नेलं.

रिपोर्ट तळेगावला मिळाला. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "सर, गाठ आहे, आणि ती चांगली नाहीये." मग त्या ऑपरेशनचं, किमोचं, काही महिन्यांसाठी पोटाला लावायच्या पिशवीचं सांगत राहिल्या. मी मान हलवत होतो. 'चांगली नाहीये' याच्या पुढचं मला काही ऐकू आलं नव्हतं.

परत येताना मीच गाडी चालवत होतो. हायवेला लागल्यावर शीला म्हणाली, "मला फार भूक लागलीय."

मी भडकलो. "आत्ता खायला सुचतंय तुला?"

तरीही गाडी थांबवली. ती सीटवर बसून वडापाव खात होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. माझी रक्ततपासणी उपाशीपोटी होती म्हणून सकाळपासून तिनेही काही खाल्लं नव्हतं. हे मला घरी आल्यावर आठवलं.

वॉर्ड

ऑपरेशननंतर अकरा दिवस मी वॉर्डात होतो. पाचला झाडू, सहाला रक्त, सातला चहाची गाडी, माझ्या खाटेजवळ न थांबता पुढे जाणारी. नवाच्या राउंडला सात-आठ डॉक्टर माझ्या पोटाकडे बघत आपसात बोलायचे. पोटाच्या उजव्या बाजूला आतड्याचं लालभडक तोंड बाहेर काढलं होतं आणि त्यावर पिशवी चिकटवली होती. त्यावर आपला काही ताबा नसतो. आपण देवाचं नाव घेत असलो तरी ती भरत राहते.

सिस्टरनी शीलाला बदलायला शिकवलं. शीलाने एकदा बघितलं, मग "आलेच" म्हणून बाहेर गेली आणि बेसिनवर तिला उलटी झाली. आमची एकुलती एक मुलगी नागपूरला, तिचं बाळंतपण नुकतंच झालेलं. ती फोनवर रोज रडायची.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी एका दिवसात तीन पिशव्या सुटल्या. भोवतालची कातडी सोलवटून निघाली होती, नुसता वारा लागला तरी आग व्हायची. अंथरुणं, कपडे, सगळ्याला वास. शीला मान वळवून चिकटवायला बघत होती. मी तिला म्हणालो, "तुझ्या आईचं असतं तर बरं बघता आलं असतं तुला."

ती उठली. बाथरूममध्ये जाऊन चादर धुवत बसली. आणि त्या रविवारी तिने आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी उपासनेत माझ्यासाठी प्रार्थना करवून घेतली, पिशवीच्या उल्लेखासकट. हे कळल्यावर मी शीलाशी दोन दिवस बोललो नाही. मी मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, सेक्रेटरी होतो. दर रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसणारा.

पहिल्या पाळीचा, दुसऱ्या पाळीचा माणूस

मंगळवारी सकाळी साडेसातला दारात मोटारसायकल थांबली. परंदवडीचे शमुवेल, ज्यांना मंडळीत सगळे शमूभाऊ म्हणत. वय पन्नाशीच्या आसपास. उर्शाजवळच्या एका कारखान्यात हेल्पर होते, पाळ्यांमध्ये काम. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचे.

त्यांच्याशी माझा आधीचा एक प्रसंग होता. उपासनेत बायबलमधून शास्त्रवाचन कोणी करायचं याची यादी मी करत असे. एका रविवारी ठरलेले गृहस्थ आले नाहीत म्हणून पाळकसाहेबांनी शमूभाऊंना उभं केलं. ते 'न्हाई' आणि 'पानी' म्हणत वाचू लागले. चार ओळी मी ऐकल्या. मग भर उपासनेत उभा राहून म्हणालो, "भाऊ, बसा तुम्ही. प्रभूचं वचन आहे, नीट वाचलं गेलं पाहिजे." ते बसले. उरलेलं मी वाचलं. त्यानंतर त्यांचं नाव यादीत कधी आलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

तोच माणूस आता हातात कापडी पिशवी घेऊन माझ्या दारात उभा होता.

"सलाम सर. माझ्या बापाला, आबाला, दोन वरीस हुती अशी पिशवी. मीच बदलायचो. बघू द्या."

"नको," मी म्हणालो. "होईल आमचं आम्हाला."

"बरं. मंग बसतो हितंच. दुसरी पाळी हाय, तीनला जायचं. तवर मोकळाच हाय मी."

ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले. शीलाने चहा दिला. अर्ध्या तासात माझी पिशवी पुन्हा सुटली आणि मी आतून हाक मारली, "भाऊ."

त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला, पॅंट दुमडली, कोमट पाणी मागितलं. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद काढून त्यावर त्या लाल तोंडाचं माप घेतलं, भोक कापलं, लावून बघितलं, पुन्हा कापलं. "सर, भोक मोठं पडलं की घान कातडीला लागती. तेवढीच चूक हुती तुमची." कातडी धुऊन ती पूर्ण कोरडी होईपर्यंत पुठ्ठ्याने वारा घालत बसले. चिकटवायची चकती दोन तळहातांत धरून गरम केली. "सकाळी उठल्या उठल्या, काय खायच्या आत बदलायची. तवा मुकादम झोपलेला असतोय."

"मुकादम कोण?"

"ह्योच की, लाल तोंडाचा. आमचे आबा ह्येला मुकादम म्हनायचे. ह्यो सांगंल तसं वागायचं."

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा हसलो. टाक्यांना कळ लागली तरी हसलो.

मग त्यांनी शीलाला जवळ बोलावलं. "बाई, ही जखम न्हाई. तोंडाच्या आतून आपलं कसं लाल असतं, तसंच ह्ये. बघा, बोट लावलं तरी दुकत न्हाई." शीलाने बघितलं. या वेळी तिने मान वळवली नाही.

ती पिशवी चार दिवस टिकली.

हात आणि नाक

आठवड्यातून दोनदा, साडेपाच महिने ते आले. पाळी बदलली की वेळ बदलायची, पण यायचे. किमोच्या दिवसांत मला व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून उतरवायचे. माझ्या तोंडात फोड आले तेव्हा घरच्या इंद्रायणी तांदळाची पातळ पेज डब्यातून आणायचे. "आमच्या कारभारनीनं केलीय," म्हणायचे. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून दोन ओळींची प्रार्थना करायचे, आपल्याच बोलीत.

एकदा मी विचारलं, "भाऊ, खरं सांगा, किळस येत नाही?"

"येती की. पर किळस नाकाला येती, सर, हाताला न्हाई येत. हात कामाला लागलं की नाकबी गप बसतं." थोडं थांबून म्हणाले, "आन् आपला प्रभू तर मानसांचे पाय धुवत बसला. चिखलाचे. तवा वास काय कमी आसंल?"

मी वर्षानुवर्षं शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, मुलांना हेच शिकवत आलो होतो, नकाशे आणि चित्रं दाखवून. वासाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

"हे कोण?"

एका सकाळी शमूभाऊंनी जुनी पिशवी काढलेली होती. पोटावर टॉवेल टाकून मी आडवा होतो. तेवढ्यात बाहेर आवाज आले. आमच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक आणि संस्थेचे चिटणीस, न कळवता भेटायला आले होते. शीलाने त्यांना बाहेर बसवायचा प्रयत्न केला, पण मुख्याध्यापक "अहो, आपलेच सर" म्हणत सरळ आत आले. शमूभाऊंनी पटकन माझ्या अंगावर चादर ओढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो ऐवज बादलीत घालून बाजूला सरकले. अंगात बनियन, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "हे कोण?"

उत्तर दोन शब्दांचं होतं. मंडळीतले भाऊ. मी म्हणालो, "माणूस ठेवलाय. कारखान्यात असतो, फावल्या वेळात असली कामं करतो."

चिटणीस त्यांच्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं. जरा पाणी आण रे."

शमूभाऊंनी हात धुतले, स्वयंपाकघरातून ट्रेमध्ये दोन पेले आणले आणि त्यांच्यासमोर धरले. शीला दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत होती आणि मी छताकडे.

वीस मिनिटं ते दोघे बसले. संस्थेचं राजकारण, नव्या इमारतीचं काम. शमूभाऊ बादली घेऊन मागच्या दारी उभे होते. निघताना चिटणीस त्यांना म्हणाले, "नीट काळजी घे सरांची."

"व्हय, साहेब."

मग ते आत आले, खाली वाकले आणि उरलेलं काम पूर्ण केलं. मला वाटलं, आज प्रार्थना नको. त्यांनी नेहमीसारखा हात ठेवला. "बाबा, सरांना बरं कर. भेटाय आलते त्या दोगांना सुकरूप घरी पोचव. आमेन."

ते गेल्यावर शीला एवढंच म्हणाली, "भाऊ म्हणाला असतात तर काय गेलं असतं तुमचं?"

प्रभूला पकडून नेलं तेव्हा त्याच्याच शिष्याने 'मी याला ओळखत नाही' म्हणून त्याला नाकारलं, ती शास्त्रातली गोष्ट मी दरवर्षी मुलांना सांगायचो. तिथल्या माणसाला निदान आपल्या जिवाची भीती होती. मला कशाची होती, हे मी अजून शोधतोय. एवढं खरं, की माझी घाण काढणारा माणूस माझ्या बरोबरीचा आहे हे त्या दोघांना कळलं असतं, तर मी त्या घाणीसकट त्यांना दिसलो असतो. नोकराने काढलेली घाण कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

तीन दिवसांनी मोटारसायकल पुन्हा दारात थांबली. त्या दिवसाचा विषय मी काढला नाही. त्यांनीही नाही. मी मनाची समजूत घातली की अशा साध्या माणसांना असलं काही लागत नसतं.

साक्ष

पुढे आतडं पुन्हा जोडलं, पिशवी गेली. दोन महिन्यांनी मी चर्चमध्ये परतलो. आमच्याकडे बरं झालेला माणूस उभा राहून साक्ष देतो, देवाचे आणि माणसांचे आभार मानतो. मी ती लिहून नेली होती. भाषा चांगली साधली होती. डॉक्टरांचे, सिस्टरांचे, पाळकसाहेबांचे आभार मानले. शीलाचे मानले तेव्हा आवाज भरून आला. नागपूरहून फोन करणाऱ्या लेकीचे मानले. शमूभाऊंचं नाव कागदावर नव्हतं. आदल्या दिवशी मी ते लिहिलं होतं आणि खोडलं होतं. ते घेतलं असतं तर सगळ्या मंडळीला तो टॉवेल आणि ती बादली दिसली असती.

मी बसलो तेव्हा शेवटच्या बाकावरून सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' आलं, ते त्यांचंच.

बाहेर ते जवळ आले. "सर, जेवान जातंय का आता?"

"हो हो, छान," मी म्हणालो आणि दुसऱ्या कोणाशी तरी हात मिळवायला वळलो.

त्यानंतर वर्षभर मी त्यांना टाळलं. हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. ज्याने आपल्याला सगळ्यांत वाईट अवस्थेत बघितलं, तो समोर आला की बरं झालेलं शरीरही चोरटं होतं. आपण उपकार विसरत नाही, पण उपकार करणाऱ्याचा चेहरा नकोसा होतो. दर रविवारी मी ठरवायचो, चहाच्या वेळी बोलू. चहा घेऊन मी दुसऱ्या घोळक्यात उभा राहायचो. ते लांबून मान हलवायचे.

मग एका गुरुवारी सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. शमूभाऊ गेले होते. पहिल्या पाळीला निघायची तयारी करत होते, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

दफनविधी

मला वाटलं होतं, आमची मंडळी आणि कारखान्यातले चार-दोन लोक असतील. दफनभूमीत उभं राहायला जागा नव्हती. मी ओळखत नव्हतो अशी कितीतरी माणसं होती. माझ्या शेजारी उर्शाचे एक म्हातारे शेतकरी होते. कपाळाला बुक्का, एका पायाला पट्टी. लोक त्यांनाही आबा म्हणत होते. मी विचारलं, तुम्ही त्यांचे कोण?

"कोन न्हाई. साखरंनं पाय सडला हुता माझा. ह्यो पोरगा आठ म्हैने येऊन पट्टी करायचा. कापायचं म्हनत हुते डाक्टर, वाचला पाय." त्यांनी डोळे पुसले. "मी वरडलो की म्हनायचा, आबा, लोनावळ्याला आमचे एक सर हायेत. लय धीराचा मानूस. पोटाला पिशवी, पर कधी हूं का चूं केलं न्हाई. तुमी पायासाठी रडताय व्हय?"

मी विचारू शकलो नाही की त्या सरांचं नाव शमूभाऊ काय सांगायचे. त्यांनी मला विचारलं, "तुमी कोन त्येचे?"

"मंडळीतला," मी म्हणालो. त्या दिवशी हा शब्द तोंडातून आला. ऐकायला शमूभाऊ नव्हते.

परंदवडी

मागच्या महिन्यात त्या बाकावरून उठून आलो, आणि दुसऱ्या दिवशी परंदवडीला गेलो. शमूभाऊंच्या पत्नी, कांताताई, ओट्यावर बसून तांदूळ पाखडत होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला. "या सर. सलाम. बसा."

मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. माणूस ठेवलाय म्हणालो ते, पाणी आणायला लावलं ते, साक्षीतून नाव खोडलं ते. शाळेत उत्तर चुकलेली मुलं जशी बोलतात तसं, खाली बघून. सूप थांबलं होतं.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "त्या दिशी घरी आल्यावं सांगितलं हुतं त्यांनी."

"हसण्यावारी नेलं असेल त्यांनी," मी म्हणालो. मला ते तसंच हवं होतं.

कांताताईंनी माझ्याकडे सरळ बघितलं. "न्हाई. त्या दिशी डबा तसाच परत आनला. पाळीवर जेवले न्हाईत. घरीबी न्हाई. मानूसच हुते ना ते, सर."

मी ओट्याच्या कडेला टेकलो.

"पुढच्या खेपेला निघाले तवा मी आडवी आले. म्हनलं, जाऊ नगा, त्येंनी नोकर क्येलं तुमाला. तर म्हनले, कोन काय बोललं त्ये पिशवीला काय ठावं? ती भरनारच. आन् गाडीला किक मारून गेले."

मग मी म्हणालो, "ताई, मला माफ करा."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "त्यांनी कवाच क्येलं आसंल. माझं म्हनाल तर अजून न्हाई जमलं. प्रार्थनेला बसते तवा तुमचं नाव घ्याया बघते, न्हाई निघत तोंडातून. खोटं कशाला बोलू तुमाशी?"

"नका बोलू," मी म्हणालो.

त्या उठल्या. "जेवून जावा. भात झालाय, भाकरी टाकते दोन."

मी जेवलो. वांग्याची भाजी होती, भाकरी होती, भात होता. त्या चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या आणि विचारत नव्हत्या, तरी ताटातलं संपलं की वाढत होत्या. जेवण झाल्यावर मी ताट उचललं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, सर." मी ते मागच्या मोरीवर नेलं, उकिडवा बसलो आणि घासायला घेतलं. पोटाच्या टाक्यांच्या जागी ताण बसत होता. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मला थांबवलं नाही. थोड्या वेळाने आत गेल्या आणि भाकरीचा तवा आणून घासायला माझ्याजवळ ठेवला.